पाठ दाराला, तोंड शेकोटीला

मी खुर्ची बोलतेय. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीच्या एका बेटावरची, गवताच्या पाठीची. इथे झाडं नावालाच, म्हणून समुद्राने आणून टाकलेल्या फळ्यांचे माझे पाय झाले. पाठ मात्र ओटच्या पेंढ्याची. या घरच्या सिगर्डच्या आजोबांनी एका हिवाळ्यात जुड्या दोऱ्याने शिवत ती उंच नेली आणि वर टोपीसारखी पुढे वाकवली. आमच्याकडच्या वाऱ्याला दारं-खिडक्या जुमानायची सवय नाही. माझ्यात बसलं की तो मागच्या मागे अडतो. याचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू!

आजोबा गेले आणि मी गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. तो अपमान मी अजून विसरलेले नाही. सिगर्डची बायको थोरा आजारी पडली, तेव्हा त्याने मला घासूनपुसून घरात आणलं.

थोराला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, नसा हळूहळू निकामी करणारा आजार. या बेटांवर हा आजार काही नवखा नाही. कुणाच्या आईला, कुणाच्या चुलतभावाला असतोच. त्यामुळे इथे प्रत्येकजण अर्धा डॉक्टर. पाय लटपटले, नजर धूसर झाली, तरी "आजाराचंच आहे ते," म्हणतात आणि चहा ठेवतात.

थोरा आधी माझ्यात बसून फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायची. बोटं अडखळली की स्वतःलाच शिव्या घालायची, हसायची, पुन्हा सुरू करायची. मग फिडल पेटीत गेली. मग ती नुसतीच बसू लागली. माझ्या पेंढ्यावर गाल टेकवून रडायची आणि पुटपुटायची, "मी नसते तर सिगर्डचं बरं झालं असतं." हे ऐकणारी मी एकटी, आणि मला तोंड नाही हो! घरात नवरा, दारात शेजार, आणि बाई इतकी एकटी.

शेजारची इझबेल न ठोठावता आत यायची, तसाच इथला रिवाज.

"काय गं, कसं काय?" ती दारातूनच विचारायची.

"वाईट नाही," थोरा शेकोटीकडे बघत म्हणायची. आमच्याकडे याहून जास्त सांगणं म्हणजे मिरवणं. त्यात माझी पाठ इतकी उंच, की दारातून तिचे केससुद्धा दिसत नाहीत.

"थकलीय बिचारी," इझबेल सिगर्डला सांगायची. "माझ्या बहिणीचं अस्संच होतं. झोपू दे तिला."

तो भला माणूस तिच्या अंगावर आणखी एक घोंगडी घालायचा.

एके दिवशी बोटीने रोना नावाची नर्स आली. कपबशी बाजूला सारून ती थेट माझ्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"फिडल कुठाय गं?"

"थकते मी."

"ते माहितेय. पण समज, उद्या हात अगदी पहिल्यासारखे झाले. वाजवशील?"

थोराने मांडीवरच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. कशासाठी?"

"मरून जावंसं वाटतं?" रोनाने हवापाणी विचारावं तसं विचारलं.

थोराने मान हलवली. हो म्हणून. सिगर्ड चुलीपाशी किटली धरून तसाच उभा राहिला.

"मला वाटलं, आजाराचंच आहे," तो म्हणाला.

"त्या आजारात हेही येतं, सिगर्ड. पण हा नुसता थकवा नाही, नैराश्य आहे. याला वेगळा इलाज आहे. घोंगडी नाही."

इलाज सुरू झाला. चमत्कार वगैरे काही नाही, फिडल अजून पेटीतच आहे. पण थोरा आता खिडकीजवळच्या साध्या खुर्चीत बसते, येणाऱ्याला तिचा चेहरा दिसतो. काल इझबेलला ती म्हणाली, "आज फार वाईट आहे." इझबेल गांगरली, मग कोट काढून तिच्याशेजारी बसली.

मी कोपऱ्यात आहे. रिकामी. तिच्या गालाची ऊब आठवते आणि फार एकटं वाटतं, लपवत नाही. तरी हात जोडून सांगते, तिला परत माझ्यात बसवू नका. मला रिकामंच राहू द्या.