साठ नोंदींची जागा

मित्रांनो, माझ्या खोक्यात नऊ वस्तू होत्या. एक मी, नळी जोडलेला एक पट्टा, चार पेन्सिल सेल, एक कापडी पिशवी, एक वॉरंटी कार्ड आणि एक पुस्तिका. पुस्तिकेला अठ्ठेचाळीस पाने होती आणि भाषा सहा. प्रत्येक भाषेला आठ पाने. मराठी त्यांत नव्हती.

मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. कारखान्यात माझी पहिली परीक्षा धातूच्या एका नळकांड्यावर झाली. पट्टा फुगला, हवा सुटली आणि मी पास झाले. त्या नळकांड्याला नाडी नव्हती. नाडी म्हणजे काय, ते मला रायपूरजवळच्या बीरगांवात शेवंताबाईंच्या दंडावर कळले.

शेवंताबाईंचे घर दोन खोल्यांचे. नवरा तुळशीराम एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला, मुलगी रुचिता रसायनशास्त्र शिकणारी. रोज सकाळी शेवंताबाई खुर्चीत बसायच्या, पट्टा बांधायच्या आणि माझे बटण दाबायच्या. आकडे आले की मोठ्याने वाचायच्या. डबा घेऊन निघालेले तुळशीराम दारातूनच म्हणायचे, "हव." म्हणजे हो. एवढेच. पण रोज ते ऐकले की आपले काम झाले, असे मला वाटायचे.

मला साठ नोंदी लक्षात राहतात. एकसष्टावी आली की सर्वांत जुनी आपोआप पुसली जाते. सेल काढले तरी बाकीच्या जात नाहीत. हे पुस्तिकेच्या हिंदी भागात, सातव्या पानावर, बारीक अक्षरांत लिहिलेले आहे.

एका मार्चात शेवंताबाई गेल्या. त्यांच्या शेवटच्या साठ नोंदी माझ्यापाशी राहिल्या. मला पिशवीत घालून कपाटावर ठेवले, तिथे मी दोन वर्षे होते. माझ्यातले सेल फुटून पांढरी भुकटी झाली. खालून आवाज येत, पण ते हळूहळू कमी झाले. "जेवली का?" "हो." "दिवा बंद कर." एका दिवसात मी अकरा वाक्ये मोजली. त्याहून जास्त क्वचितच.

मग रुचिताने एका कॉलेजचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. व्यावसायिक आणि तांत्रिक लेखनाचा, सहा महिन्यांचा. यंत्र कसे वापरावे, औषध कसे मिसळावे, हे कोणालाही कळेल असे लिहायला तिथे शिकवतात. संध्याकाळी सहाला ती लॅपटॉप उघडायची. पडद्यावर चोवीस चौकोन. गंधाली मॅडमचा एक उजळ आणि बाकी तेवीस काळे, खाली नुसती नावे. त्यांतला एक काळा चौकोन रुचिताचा. दोन महिन्यांत तिला एकाही सोबत्याचा चेहरा दिसला नाही.

त्याच सुमारास मिलच्या तपासणीत तुळशीरामांचा रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टरांनी पंधरा ओळींचा कागद दिला. रोज सकाळी घरी मोजायचे आणि लिहून आणायचे. तोवर भट्टीवर जायचे नाही, गोळीही ठरवता येणार नाही. तुळशीराम मिलच्या स्टोअरमध्ये बसू लागले आणि कागद कोराच राहिला.

रुचिताने मला खाली काढले, भुकटी पुसली, नवे सेल घातले.

"बाबा, हात द्या."

"तू लिहून दे न. तुह्या कोर्सात तेच शिकवून राहिले न? मी वाचून करतो."

"किती दिवस असं म्हणाल?"

"तू लिही त खरी."

तिने ते मनावर घेतले. अभ्यासक्रमाचे शेवटचे काम तेच होते: एका यंत्राची एका पानाची मार्गदर्शिका. हिंदीतली आठ पाने तिने समोर ठेवली आणि नको ते गाळत गेली. सुट्या भागांची यादी गेली, वॉरंटीच्या अटी गेल्या. सातव्या पानावरचा साठ नोंदींचा परिच्छेदही गेला. वापरणाऱ्याला त्याची गरज नाही, असे तिला वाटले. आठ पानांचे एक पान झाले तेव्हा ती स्वतःशीच हसली. दाखवायला घरात कोणी नव्हते.

पहिली चाचणी शेजारच्या देवीदासकाकांवर झाली. चाचणीचा नियम असा की लिहिणाऱ्याने बोलायचे नाही आणि यंत्राला हात लावायचा नाही. काकांनी स्वेटरवरूनच पट्टा बांधला आणि मी मोजत असताना ते बोलतच राहिले.

"एकशे एकाहत्तर," त्यांनी वाचले. "बराबर हाय. काल सून माहेरून आली."

"काका, पाचवी पायरी वाचली का? बाही वर करा, बोलू नका."

"वाचली न. मले वाटलं, ते दुसऱ्यांसाठी हाय."

दुसऱ्यांदा त्यांनी बाही वर केली आणि गप्प बसले. एकशे चौतीस. रुचिताने पाचवी पायरी पहिल्या क्रमांकावर आणली आणि ठळक केली. ती खूश होती.

संध्याकाळी तुळशीराम आले. त्यांनी मला टेबलावर पाहिले.

"कितीदा दाबलं देवीदासनं?"

"दोनदा. का हो?"

"काही नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मला सांगायचे होते. पण मित्रांनो, मला फक्त आकडे सांगता येतात.

रुचिताने मार्गदर्शिका वर्गाच्या पानावर टाकली आणि खाली लिहिले, "कृपया अभिप्राय द्या." रोज ती ते पान उघडायची. नऊ दिवसांत एकच उत्तर आले, गंधाली मॅडमचे: "भाषा स्वच्छ आहे. आता ज्याच्यासाठी लिहिले त्याला वाचू द्या. तो मध्येच थांबला तर तो चुकला असे समजू नका. का थांबला ते विचारा."

रविवारी सकाळी तुळशीराम खुर्चीत बसले. सोमवारी डॉक्टरांना कागद दाखवायचा होता आणि त्यावर एकही आकडा नव्हता. रुचिता समोर वही घेऊन गप्प बसली. त्यांनी चष्मा लावला, पान पूर्ण वाचले, मग एकेक पायरी केली. बाही वर केली. पाच मिनिटे शांत बसले. पाठ टेकवली, पाय जमिनीवर. पट्टा कोपराच्या दोन बोटे वर, नळी आतल्या बाजूला. एकही चूक नव्हती. देवीदासकाकांपेक्षा ते फार चांगले वाचक होते.

शेवटची पायरी होती बटण दाबण्याची. त्यांचे बोट बटणावर आले आणि तिथेच राहिले. रुचिताने घड्याळ पाहिले. एक मिनिट, मग दोन. त्यांनी बोट काढून घेतले.

रुचिताने वही मिटली.

"काहून थांबले, बाबा? काय नाही समजलं?"

"समजलं न सगळं. चांगलं लिहिलं तू."

"मग?"

"साठ भरून हायेत त्याच्यात," ते म्हणाले. "एक घेतली का एक जाते. पुस्तकात हाय. मिलमध्ये पुस्तक वाचल्याबिगर आम्ही मशीनले हात नाही लावत. तुह्या आईसाठी आणलं तवाच वाचलं होतं."

रुचिताने माझ्याकडे पाहिले.

"दोन देवीदासच्या झाल्या. अठ्ठावन्न राहिल्या तिच्या."

"मला का नाही सांगितलं?"

"तुह्या कागदावर नोहतं. मले वाटलं, तुले मालूम हाय आन् चालते."

रुचिताने पट्टा सोडला. मग वहीत रेघा मारल्या: तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. वरच्या दोन ओळी तिने रिकाम्या सोडल्या. त्या दोन नोंदी आता मलाही सांगता येत नाहीत. माझे जुन्या नोंदींचे बटण दाबत दाबत ती सर्वांत जुनीपर्यंत गेली आणि तिथून पुढे एकेक मोठ्याने वाचून लिहू लागली.

"अकरा जानेवारी. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी."

तुळशीराम खिडकीकडे बघत होते. "हव," ते म्हणाले.

"बारा जानेवारी. एकशे बेचाळीस, नव्वद."

"हव."

अठ्ठावन्न वेळा. एकही हव चुकला नाही. त्या सकाळी घरातली वाक्ये मी मोजली नाहीत.

मग रुचिताने आपले स्वच्छ पान घेतले आणि पहिल्या पायरीच्या वर पेनाने लिहिले: "यंत्रात कोणाच्या जुन्या नोंदी असतील तर आधी त्या उतरवून घ्या." पान आता नीटनेटके दिसत नव्हते. तेच तिने कॉलेजला पाठवायचे ठरवले.

"आता पाच मिनिटं शांत बसा," ती म्हणाली. "दुसरी पायरी."

मित्रांनो, त्या पाच मिनिटांत मी तुम्हाला एवढेच सांगते. माझ्यासारखे जुने यंत्र कपाटावरून काढाल तेव्हा नवे सेल जरूर घाला, पण त्याच्यात काय राहिले आहे ते आधी बघा. आणि घरातले कोणी एखाद्या कामाला नाही म्हणत असेल, तर त्याला तेच पुन्हा सोपे करून सांगण्याआधी, का नाही म्हणतो ते विचारा. विचारायला एक वाक्य पुरते.

पाच मिनिटे झाली. तुळशीरामांनी पट्टा पुन्हा बांधला आणि स्वतः बटण दाबले. पट्टा फुगला. हवा सुटत असताना कोणी बोलले नाही.

वरचा आकडा एकशे बावन्न. खालचा शहाण्णव. नाडी एक्याऐंशी.