दारातला चिरा

"सात आठे?"

सानवीने मान खाली घातली.

"अगं, सात आठे किती? टॅबवर पन्नासपैकी सेहेचाळीस मिळवलेस ना? मग तोंडाने सांग की."

पाचवीतली सानवी चिऱ्यावर उभी होती. वर्गाच्या दारात पायरी म्हणून बसवलेला तो जांभ्या दगडाचा चिरा मधोमध झिजून खोलगट झाला होता. ज्याला उत्तर येत नसेल त्याने ते येईपर्यंत तिथे उभं राहायचं, ही इशरतबाईंची पद्धत. मध्ये दोन बदल्या झाल्या तरी बाई फिरून पावस गावाजवळच्या याच शाळेत आल्या. बाई आल्या, चिऱ्यावरची शिक्षा आली.

"कोणी सोडवून दिलं तुला? शेजारी बसणाऱ्या मुलीने?"

सानवीने मान आणखी खाली घातली. बाईंच्या हिशेबी हा कबुलीजबाबच होता. त्यांनी सानवीला जागेवर पाठवलं आणि तिच्या आईला बोलावणं धाडलं. चोरी ती चोरीच, मग ती टॅबवर का असेना.

गेल्या जूनमध्ये शाळेत वीस टॅब आले. मुलांनी कानाला हेडफोन लावायचा, आपापलं ऐकायचं, आपापलं सोडवायचं. वर्ग इतका शांत होई, की बाईंना आपण उगाच हजर आहोत असं वाटे. वयाच्या छप्पनाव्या वर्षी त्या पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत आणि वही कुठे ठेवली ते विसरत. गुडघे दुखत. पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचं काम, त्यात आता हे टॅबचे अहवाल. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं त्यांना फार लांबलचक वाटत होती.

त्यात आज दीपकसरांचा, म्हणजे केंद्रप्रमुखांचा, सकाळपासून तिसरा फोन. "मॅडम, रत्नागिरीच्या गणिताच्या निवासी वर्गासाठी तुमच्याकडून विद्यार्थ्याचं नाव अजून नाही आलं. प्रत्येक शाळेतून एकच. चार वाजेपर्यंत पालकाच्या सहीचा फॉर्म पाठवा."

एकच नाव म्हणजे ऋत्विक, यात बाईंना शंका नव्हती. ऋत्विक म्हणजे वर्गाचा भोंगा. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर, उत्तर खणखणीत. त्याला टॅबवर पन्नासपैकी एकोणीस होते, पण त्याला एका जागी बसवून मुकाट ऐकायला लावणं ही शिक्षाच होती. समोर ऐकणारं माणूस असलं की त्याचं डोकं चाले, नसलं की बोट कुठेही पडे. बाईंना हे कळत होतं. त्याच्यासाठी ते कळून घ्यायची त्यांची तयारी होती. त्यांनी फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं आणि त्याला सांगूनही टाकलं. तो पटांगणभर नाचत सुटला.

मधल्या सुट्टीत बाई चष्मा घ्यायला परत वर्गाकडे आल्या. आतून टॅबचा आवाज येत होता. उत्तर बरोबर आलं की तो 'टिंग' करी.

टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिंग.

त्या खिडकीशी थांबल्या. वर्गात सानवी एकटीच होती, भिंतीकडे तोंड करून बसलेली. हेडफोन खाली काढून ठेवला होता. ती प्रश्न दोनदा ऐके, फरशीवर बोटाने काहीतरी मांडे, पुसल्यासारखं करी, पुन्हा मांडे आणि मगच उत्तरावर बोट ठेवी. अपूर्णांक होते. वर्गात बाईंनी अजून न शिकवलेले.

बाईंनी आठ वेळा टिंग मोजलं. नवव्या प्रश्नाला त्यांची सावली फरशीवर पडली, सानवीने वळून पाहिलं आणि तिचं बोट जागच्या जागी थिजलं. या वेळी टॅब वाजला नाही.

"कर तू, मी जाते," बाई म्हणाल्या आणि चष्मा न घेताच निघाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. ऑफिसात येऊन त्यांनी फॉर्मवरचं नाव खोडलं. ऋत्विकला काय सांगायचं ते मात्र सुचेना.

तीनच्या सुमारास सानवीची आई आली. काशी. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. बागेत आंब्याच्या पेट्या भरायच्या कामावरून उठून आली होती, पदराला पेंढा चिकटला होता. ती वर्गाच्या दारात थांबली.

"काय केलान तिने, बाई?"

"काही नाही गं."

"नाव काढता काय तिचं शालेतनं? माजं काढलात तसं?"

बाईंना आठवलं. हाच वर्ग, हीच पाचवी. काशीचे वडील कोपऱ्यात उभे, आणि आपण म्हटलेलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, उगाच कशाला दामटता? काशी तेव्हा चिऱ्यावर होती. सगळं ऐकत होती.

"ती पन माज्यासारकीच हाय, बाई. घरात सगला बोलते. चार मान्सांत उभी केली का जीभ टालूला चिकटते." काशी हसली. "मला पन येत व्हता. सात आठे छप्पन. तवा पन येत व्हता."

बाईंनी ऑफिसातून आणलेला फॉर्म तिच्यापुढे धरला.

"चुकलं माझं, काशी," त्या म्हणाल्या. "हिच्या वेळी नाही चुकायचं. रत्नागिरीच्या वर्गाला हिला पाठवायचंय. सही कर इथे."

काशीने फॉर्म घेतला. सगळा वाचला, अगदी बारीक अक्षरांतला मजकूरसुद्धा. मग दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सावकाश, वळणदार अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं.

"अगं आत ये, बाकावर बसून लिही."

"नको, बाई," काशी म्हणाली. "हितं सवय हाय मला."

तिचे दोन्ही पाय चिऱ्याच्या त्या झिजलेल्या खळग्यात नीट बसले होते.