सासरी धाडलेली मशीन

धाकट्या लेकीचं लग्न करून दिलं, त्याच वर्षी मिस्त्रींच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात शाळेतली एक मुलगी काम शिकायला आली. शाळेची नवी पद्धत होती. वरच्या वर्गातल्या मुलांनी मंगळवार-शुक्रवार एखाद्या धंद्याच्या ठिकाणी काढायचे. मिस्त्रींना ते लोढणं वाटलं.

"दुकान आहे का पाळणाघर?" ते बायकोला म्हणाले.

"घर खायला उठलंय तुम्हाला," बायको म्हणाली. "येऊ दे की."

मुलगी चुणचुणीत होती, पण प्रश्न फार विचारायची. मऊ कापडावर पळणारी मशीन जाड कापडावर का अडते? तपासताना आपण आपलीच चिंधी का घालतो, गिऱ्हाइकाची का नाही?

"आजवर कुणी विचारलं नाही म्हणून," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तिचं नाव ‘काबाई’ ठेवलं. पण दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सोबत कापडाचा तुकडा आणायला सांगू लागले. नीट केलेली मशीन पुन्हा तक्रार घेऊन येणं जवळजवळ थांबलं.

हळूहळू मिस्त्रींची त्या दोन दिवशी दाढी सकाळीच होऊ लागली. "चांगली गिऱ्हाइकं आजच येतात वाटतं," बायको चहा ठेवताना म्हणायची. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करत. बाकीचे दिवस मात्र सरता सरत नसत. दारात सावली पडली की मान वर व्हायची, आणि गिऱ्हाईक दिसलं की पुन्हा खाली.

दुकानाची आपली एक बोली होती. दुरुस्तीला आलेली मशीन ‘माहेरी आली’, आणि नीट होऊन परत गेली की ‘सासरी गेली’. एका शुक्रवारी बाहेर जाताना मिस्त्री म्हणाले, "पोरी, शिवणवाल्या बाईंची काळी मशीन आज सासरी धाड."

शिवणवाल्या बाई नवऱ्याचं घर सोडून आईकडे राहत होत्या. काबाईला ते ठाऊक होतं. पण मिस्त्रींनाही ते ठाऊक असून ते सासरी म्हणतात, म्हणजे हे नुसतं बोलीतलं नसेल, समेट झाला असणार, असं तिला वाटलं. तिनं हातगाडीवाल्याला खरंखुरं सासर सांगितलं. सासूनं मशीन आत घेतली आणि कडी लावली.

मिस्त्री परतले तेव्हा बाई दुकानात डोळे पुसत होत्या. त्यांचं पोटच त्या मशीनवर होतं. काबाई उठली आणि त्या घराच्या पायरीवर जाऊन बसली.

"तू कोण गं?" सासू खिडकीतून म्हणाली.

"दुकानातली. मशीन कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. चुकीच्या घरी मी दिली, ती मी नेणार."

येणारे-जाणारे थांबून चौकशी करू लागले, तशी कडी निघाली आणि मशीन बाहेर आली. शिवणवाल्या बाईंनी ही हकीकत ओळखीच्या प्रत्येक शिवणारणीला सांगितली. चूक गावभर झाली, आणि दुकानात मशीन ठेवायला जागा पुरेना.

वर्ष संपताना शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. दूरच्या शहरातला एक मोठा कारखाना पुढच्या शिक्षणासाठी एकाच मुलाला किंवा मुलीला घेणार होता, आणि निवड मिस्त्रींच्या शब्दावर अडली होती. काबाईला जायचं होतं. मिस्त्रींच्या मनात मात्र तिनं शाळा सुटल्यावर रोज इथं यावं, एवढंच होतं.

"हिच्या हातून काही चूक झाली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी पेचकस पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "एक मशीन भलत्या घरी गेली."

काबाईनं मान खाली घातली.

"पण शब्द माझा चुकला," ते म्हणाले. "जिचं सासर सुटलं तिच्या मशीनला सासरी धाड म्हणू नये, हे मला हिच्यामुळं कळलं. आता आम्ही नुसतं ‘घरी गेली’ म्हणतो."

"म्हणजे दुकानाला फायदा झाला म्हणायचा."

"झाला की. तोच तर न्यायला आलाय तुम्ही." मग पेचकस खाली ठेवून म्हणाले, "न्या. कारखान्यात सांगा, पोर प्रश्न विचारते, चिडू नका म्हणावं."

पुढच्या वर्षी शाळेनं एक मुलगा पाठवला. हात चांगला होता, पण तोंड मिटलेलं. मिस्त्री त्याला म्हणायचे, "अरे, विचार की काहीतरी." शेवटी एकदा त्यानं विचारलं, "काका, तुम्ही सारखं दाराकडे काय बघता?"

मिस्त्रींनी त्याला दोरा ओवायला दिला.

धाकट्या लेकीला पहिलं मूल झालं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मिस्त्री वारले. काबाईचं शिक्षण तेव्हा अजून संपायचं होतं.