शून्यावर थांबलेला काटा

मी डोळ्याचा दाब मोजणारा एक जुना मापक बोलतोय. बोलावं की नाही, या विचारातच माझी बरीच वर्षं गेली. ज्याचं काम फक्त मोजायचं, त्याने मत द्यावं का? शिवाय माझं माप तरी दरवेळी बरोबर होतं का? पण लातूरच्या या दवाखान्यातलं जुनं कपाट आता भंगारात जायचं आहे आणि त्याच्याबरोबर मीही. तेव्हा एकदा सांगून टाकतो.

मी दोन बोटांत मावतो. खाली वाटीसारखा पाय, मधून सरकणारी बारीक दांडी, वर आकड्यांची कमान आणि तिच्यावर काटा. रुग्णाला उताणं झोपवायचं, डोळा बधिर करणारा थेंब घालायचा आणि मला अलगद बुबुळावर टेकवायचं. डोळा मऊ असेल तर दांडी रुतते, काटा पुढे सरकतो. आतल्या दाबाने तो दगडासारखा झाला असेल, तर काटा शून्यावरच थांबतो. असा दाब डोळ्याची नस मारतो. त्या रोगाला काचबिंदू म्हणतात. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

मला आणलं सिद्धेश्वर डॉक्टरांनी. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी इथे दवाखाना उघडला. शिकून आलेला तरुण माणूस; मला वापरून झालं की स्वतः पुसायचे, स्वतः डबीत ठेवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

त्यांच्याकडे मुखेडहून शिवकांता यायची. दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची उडून तिचा उजवा डोळा गेला होता. उरलेल्या डाव्यात काचबिंदू निघाला. खणाच्या चोळ्या शिवून ती घर चालवायची. सुईत दोरा ओवायला तिच्याकडे तेवढा एकच डोळा होता.

"एकच हाय डॉक्टरसाब. जपून टेकवा."

"एकच आहे म्हणूनच दर महिन्याला यायचं. थेंबाची बाटली संपू द्यायची नाही."

"दर म्हैन्याला येऊन राहिले की. यष्टीचा कंडक्टर विचारतो, लातूरला माहेर हाय का बाई तुमचं."

दाब मोजताना माणूस दुसऱ्या डोळ्याने छताकडे बघत राहतो, म्हणजे डोळा हलत नाही. शिवकांताचा दुसरा डोळा मेलेला. नजर कुठे टेकवावी तिला कळेना. मग तिने आपली युक्ती काढली. लिंगायतांच्या रिवाजाने गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरायची आणि श्वास सोडायची. डोळा आपोआप थांबायचा. इतका स्थिर डोळा मला पुन्हा मिळाला नाही.

माझ्या डबीतलं मखमल झिजलेलं तिने एकदा पाहिलं. पुढच्या महिन्यात येताना माझ्यासाठी हिरव्या खणाची पिशवी शिवून आणली. टाके एका ओळीत, मुंगीएवढे.

"माझ्या डोळ्याला टेकतो. त्याला खडबडीत कशाला झोपवायचं?" म्हणाली.

पुढे लातूर वेगळा जिल्हा होणार अशी बोलणी सुरू झाली. त्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली, पण डोळ्यांची साथ मात्र आली. घरंच्या घरं लाल डोळे घेऊन दारात उभी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला पिशवीत घालून कपाटात ठेवलं. "हा एका डोळ्याची साथ दुसऱ्या डोळ्यावर नेईल," ते म्हणाले. खरंच होतं ते. दारावर पाटी लागली : मोतीबिंदू, काचबिंदू व चष्म्याच्या रुग्णांनी दसऱ्यानंतर यावे.

अंगणात दोरी बांधली. तिच्या पलीकडे लाल डोळ्यांची रांग. पिशवीच्या विणीतून, कपाटाच्या काचेतून खिडकीबाहेरचं मला थोडं दिसायचं आणि सगळं ऐकू यायचं. कंपाउंडर बसवंत एका सुरात ओरडायचा, "तोंड वर करा. थेंब घ्या. डोळे मिटा. चला पुढं."

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, असं आपल्याकडे सगळे मानतात. म्हणून रांगेतले लोक खाली मान घालून उभे. डॉक्टरांना हे खोटं आहे हे ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात ते हसायचे या समजुतीला. मग त्यांच्या तान्ह्या मुलीचे डोळे सुजून मिटले आणि ती रात्रंदिवस रडली. त्यानंतर डॉक्टर काळा चष्मा घालून अंगणात यायला लागले आणि त्यांचीही मान खाली जायला लागली. ज्याचं सगळं शिक्षण डोळ्यांत बघण्याचं, तो बघेनासा झाला.

अशात एका सकाळी मला ओळखीचा आवाज आला. शिवकांताचा नवरा चंद्रप्पा तिला धरून घेऊन आला होता.

"लई दुखून राहिलंय. अर्धं डोकं फुटाया लागलंय. रातीपासून उलट्या चालू हायत," ती म्हणाली. "दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय. थेंबाची बाटली संपून पंधरा दिस झाले. तुमची पाटी वाचून मागं गेले व्हते."

"डोळे आल्यावर दुखणारच, अक्का," बसवंत म्हणाला. "गावात कुणाला न्हाई दुखत? रांगेत ऱ्हावा."

"डॉक्टरसाब, मी शिवकांता. मुखेडची."

डॉक्टरांचे पाय थांबलेले मला कळले. "लाल आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाव, लाल भडक," बसवंत म्हणाला.

"मग थेंब घाल. आठ दिवसांनी या."

चष्मा काढून त्यांनी एकदा वर पाहिलं असतं, तर काचबिंदूच्या झटक्याने पसरून थिजलेली बाहुली त्यांना दिसली असती. मला बाहेर काढायचीही गरज नव्हती. मी कपाटात होतो, हे योग्यच होतं. हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलं आहे. तरी वाटतं, पिशवी फाडून, काच फोडून पडलो असतो तर? पण मग तिच्यानंतरच्या डोळ्याला मीच साथ लावली असती. मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठ दिवसांनी ती आली. चंद्रप्पा तिचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून पुढे चालत होता. डॉक्टरांनी मला काढलं, स्पिरिटने पुसलं, डोळ्यावर टेकवलं. तिने लिंग मुठीत धरलं, श्वास सोडला. डोळा तसाच स्थिर. माझा काटा शून्यावरून हलला नाही.

"किती आला काटा?"

डॉक्टरांनी मला पुसलं आणि पिशवीत घातलं.

"तुमाला त्या दिशी म्या बघितलं, डॉक्टरसाब," ती शांतपणे म्हणाली. "धुकं व्हतं डोळ्यात, तरी दिसलं. तुमी मान खाली घातली व्हती. माझ्या ह्या डोळ्यानं बघितलेलं शेवटचं तेवढंच."

ती पुन्हा आली नाही. पुढल्या वर्षी जिल्हा झाला. साथीत हजारो रुग्ण तपासल्याबद्दल एका सभेत डॉक्टरांना शाल मिळाली. रुग्णांच्या वहीत शिवकांताचं नावही होतं : डोळे आले, थेंब दिले. बऱ्या झालेल्यांत तिची मोजणी झाली.

मला त्यांनी त्यानंतर कधी हातात घेतलं नाही. नवं मशीन आणलं.

आता दवाखाना त्यांची तीच मुलगी चालवते. अलीकडे जगभर पसरलेली दुसरी साथ आली. पुन्हा दारावर पाटी लागली. हवेच्या झोताने दाब मोजणाऱ्या मशीनवर कापड पडलं. रिकाम्या दवाखान्यात फोन वाजत राहतो.

परवा धर्माबादहून कुणाचा तरी फोन होता. "लाल झालाय का? डोळे आले असतील," मुलगी म्हणाली. "थेंबाचं नाव पाठवते. आठ दिवसांनी बघू."

शेजारच्या खोलीत म्हातारे सिद्धेश्वर डॉक्टर बसले होते. त्यांनी झटकन मान वर केली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारतील : उलट्या होतात का? दिव्याभोवती कडं दिसतं का? पण आपण जुने झालो, आपलं चुकत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

ते दोन प्रश्न माझ्या काट्याला विचारता येत नाहीत. तुम्हाला येतात. मी हिरव्या पिशवीत आहे. तिचा एक टाकाही अजून उसवलेला नाही.