अडीच हजार मीटर खालचा दगड

पृथ्वीच्या पोटात काय दडलंय, हे सांगू शकणारी माणसं या देशात फार थोडी. किसनराव त्यांपैकी एक. आपला दगड घरात कुठे आहे, हे मात्र त्या सकाळी त्यांना सांगता येत नव्हतं.

"याच डब्यात होता!" त्यांनी तिसऱ्यांदा कपाट उपसलं. "मनकर्णे, कोनं हात लावला वो?"

"दगडाले?" मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "अंगणातला एक घेऊन जा ना."

किसनराव गुजरातेत एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं होते. विहीर खणताना खालून खडकाची कांडी यायची, तिचे अंगठ्याएवढे तुकडे कापायचे आणि त्यातली न दिसणारी छिद्रं मोजायची, हे त्यांचं काम. त्यांच्या आकड्यावर विहीर राहायची किंवा बुजायची. मनकर्णाबाई लेकीच्या, पिंकीच्या शाळेपायी अमरावतीतच राहिल्या. साळा धर्मेंद्र तर अजून विचारतो, "भाऊजी, तुमचा पंप हायवेवर होता का गावात?"

आणि आज तिवशाच्या शाळेतल्या नीलम मॅडमनी विज्ञान दिनाला त्यांना बोलावलं होतं. आयुष्यातलं पहिलं भाषण. आठवडाभर आरशासमोर तालीम झाली. सगळी मदार त्या दगडावर. जुने नमुने टाकून देताना साहेबांनी चिठ्ठी लिहून तो त्यांना दिला होता. न धुतलेला, अजून तेलाचा वास असलेला. पोरांच्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "घ्या वास, अडीच हजार मीटर खालचा!"

दगड न्हाणीघरात सापडला. साबणाच्या डबीत, घासून पांढरा झालेला.

"हा इथं कसा?"

"घासलेटचा वास मारे बापा! दोनदा सोड्यात उकळला. आता टाचांले घासतो. वज्रीपेक्षा बरा हाय."

किसनरावांनी हुंगला. साबण. ते स्टुलावर बसले. ओरडायचं म्हटलं तरी काय ओरडणार? प्रयोगशाळेत पहिलं काम तेच असायचं, दगडातलं तेल काढणं. तिथे त्याला तीन दिवस आणि काचेचं अवाढव्य यंत्र लागे. इथे दुधाच्या पातेल्यात झालं होतं. काम बाकी चोख होतं.

बसला अजून तास होता. सवयीने त्यांनी दगड तव्यावर कोरडा केला, निववला आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब गायब.

मनकर्णाबाई पोळपाट सोडून आल्या. "गेलं कुठी?"

"आत. भोकं हायेत त्याच्यात. दिसत नाहीत."

अंगणातला काळा दगड आणून त्यांनी त्यावरही थेंब टाकला. तो तसाच बसून राहिला, पाहुण्यासारखा.

"मंग तुमी तिकडं…"

"हेच. भोकं मोजत होतो."

"चौतीस वर्षं?"

"हो."

त्या खाली बसल्या. ओल्या बोटाने आणखी एक थेंब टाकला. मग आणखी एक. तव्याखालचा गॅस चालूच होता.

"पोराईले वास नका देऊ," त्या म्हणाल्या. "हे दाखवा."

किसनरावांनी दोन्ही दगड रुमालात बांधले. चष्मा पुसला. चौतीस वर्षांत घरातून कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. ते फाटकापर्यंत पोचले, तोच मागून हाक आली.

"पिंकीचे बाबा!"

"काय वो?"

"तो पांढरा तेवढा संध्याकाळी वापस आणजा. उजवी टाच राह्यली हाय."