दाजींचा पाट

आमच्या ह्यांचा मान फार नाजूक. कुरुळीत तो जपायला सगळी भावकी आहे, गावाबाहेर मी एकटी.

एक्कावन्न साली माझ्या धाकट्या बहिणीचं, इंदूचं लग्न झालं. पंगतीत नव्या जावयाच्या पाटाभोवती वेलबुट्टीची रांगोळी होती आणि ह्यांच्या पाटाभोवती साधी रेघसुद्धा नव्हती. रांगोळी काढणारी पोरगी ती संपली म्हणून आणखी आणायला आत गेली होती, एवढंच. पण हे भरल्या पानावरून उठले. "ह्यो फिटर आमच्यापरीस मोठा झाला व्हय? त्याच्या घरचं पानीबी आमी पिनार न्हाई," असं भर मांडवात सांगून मोकळे झाले.

फिटर म्हणजे इंदूचा नवरा, ज्योतीराम. दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरीला. त्या दिवसापासून मला दापोडी बंद झाली. इंदूला दोन मुलं झाली, ती मी माहेरच्या जत्रेत उभ्या उभ्या पाहिली. ह्यांच्या पाण्याच्या शपथेत माझी बहीण वाहून गेली, याचं ह्यांना काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, आणि फार वाटत होतं.

सत्तावन्न सालच्या वैशाखात ह्यांना शहर बघायची हुक्की आली. मी म्हटलं, येते, पण शेवटी दापोडीला जायचं आणि तिथं जेवायचं. इंदूचा निरोपच होता तसा : दाजी जेवणार असतील तर या, नाहीतर दारात येऊ नका.

"जेवंन की दोन घास," हे म्हणाले. "मी काय कोत्या मनाचा हाय?"

मी गप्प बसले. बायकोनं कुठं गप्प बसावं हे मला आईनं शिकवलं होतं.

सकाळच्या मोटारीनं कासारवाडीला उतरलो. तिथं ह्यांचे तालमीतले दोस्त सयाजीराव. त्यांच्याकडे शिरा झाला, पोहे झाले, वर पुन्हा शिरा झाला. मग गाडीनं चिंचवड. मोरयाचं दर्शन ह्यांनी चालता चालता घेतलं, कारण मावसभाऊ दत्तोबांकडे आमरसाचा बेत होता. घरी माझ्या हातचा रस आंबट म्हणून वाटी सरकवणारा हा माणूस तिथं वाटीमागून वाटी रिचवत होता. दत्तोबांचा आग्रह थांबला तरी हे थांबेनात. सहाव्या वाटीला माझ्या डोक्यात उजेड पडला. दापोडीला पोचेपर्यंत पोटात तिळाएवढी जागा ठेवायची नाही, म्हणजे शपथही शाबूत आणि दोषही अंगावर नाही.

पिंपरीला सरकारी औषधाचा नवा कारखाना ह्यांनी मला कुंपणाबाहेरून दाखवला.

"बुरशीपासनं औषध करत्यात," हे म्हणाले, जसं काही ह्यांना विचारूनच केलं होतं.

मी म्हटलं, "माझ्या लोणच्यावर आली तेव्हा बरणी उकिरड्यावर फेकलीत."

ह्यांनी विषय बदलला आणि कादरभाईंच्या सायकलच्या दुकानात शिरून अर्धं कलिंगड खाल्लं. मी नको नको म्हणत होते, पण तोवर बियासुद्धा गेल्या होत्या.

दापोडीला रुळांजवळच्या गल्लीत इंदूच्या दोन खोल्या. दारातूनच पुरणाचा वास आला. ज्योतीराम रजा काढून थांबलेला. आणि मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी. मोर काय, कमळं काय. सकाळपासून बसून काढली असणार. इंदूनं ह्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "दाजी, बसा."

ह्यांनी पोटावरून हात फिरवला. "जागाच न्हाई गं. लोकांनी लई आग्रह केला."

इंदूनं ओलं फडकं घेतलं आणि मोर पुसून टाकला. मला रडू आलं, मग राग आला, आणि मग मी सरळ त्या पाटावर बसले. पुरुषांच्या आधी, ज्योतीरामाच्या देखत.

"वाढ," मी म्हटलं. "हे जातील पाचच्या गाडीनं. मी चार दिवस राहणार आहे."

तिसऱ्या पोळीवर असताना बाहेरच्या खाटेवरून कण्हणं ऐकू आलं. रस, शिरा आणि कलिंगड यांचं आत जमलं नव्हतं. हे भिंतीला धरून आत आले.

"आगं, ओवा हाय का बघ की."

"मी पाहुणी आहे," मी म्हटलं. "घरच्या बाईला विचारा."

ह्यांनी खाली बघत विचारलं.

"हाय की," इंदू म्हणाली. "पर वव्यासंगं पानी लागतं दाजी. आमच्या घरचंच हाय."

"दे बाई."

इंदूनं दुसरा पाट मांडला, पुढं ओव्याची वाटी आणि तांब्या-भांडं ठेवलं, आणि रांगोळीचा डबा घेऊन शांतपणे मोर काढायला बसली. हे पोट दाबून उभे.

"आटप की," ज्योतीरामालाच कीव आली.

"पिसारा ऱ्हायलाय. मागच्या वक्ती रांगोळी ऱ्हायली म्हणून सा वर्सं गेली."

पिसारा झाला. हे पाटावर बसले, ओवा तोंडात टाकला, आणि ज्योतीरामाच्या घरचं पाणी घटाघटा प्याले. मी डोळे भरून बघितलं.

इंदूनं तांब्या उचलला. "दाजी, आजून वाढू?"

ह्यांनी मुकाट्यानं भांडं पुढं केलं.