चाळीस शब्दांनंतर कुलूप

एकतीस वर्षं मी एकाच पेपरात बातम्या लिहिल्या आणि त्या सगळ्या पहिल्याच वाक्यात संपवल्या. कोण, कुठे, कधी, काय झालं, सगळं तिथेच. खालचा मजकूर निव्वळ जागा भरायला. ऑफिसात मला 'तारमास्तर' म्हणत. तारा बंद पडल्या, नाव राहिलं. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. वाचकाला घाई असते. त्याला ताटकळत ठेवणारा बातमीदार मला खिडकीवरच्या अडेलतट्टू कारकुनासारखा वाटतो.

मग मालकांच्या सूनबाई कारभार बघायला आल्या. समोर 'मॅडम', पाठीमागे 'सूनबाई'. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. छापील अंक खपत नाही, वेबसाइटवर सगळे फुकट वाचतात, तर आता फुकट बंद, असं त्यांनी ठरवलं. बातमीचे पहिले चाळीस शब्द सर्वांना खुले. त्यानंतर कुलपाचं चित्र आणि खाली, 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा'. कोणाच्या बातमीमुळे किती वर्गणीदार आले याचा तक्ता हजेरीच्या यंत्राशेजारी लागला. तीन महिन्यांत ज्याच्या नावावर वीस होणार नाहीत, त्याचा 'फेरविचार' होणार होता.

पहिल्या महिन्यात सिनेमावर लिहिणाऱ्या बाईंच्या नावावर चौतीस जमले आणि माझ्या नावावर भोपळा. दुसरं काय होणार? माझी बातमी बावीस शब्दांत संपायची. कुलूप लागायचं ते रिकाम्या खोलीला.

सूनबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून नीट समजावलं. तुमच्या बातम्या लोक सर्वांत जास्त वाचतात आणि त्यावर येत काहीच नाही, तेव्हा जरा हातचं राखून लिहायला शिका, म्हणाल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बावीस शब्दांत आटोपणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतं? मी मुकाट्याने शिकायचं ठरवलं.

शिकवणी घरातच होती. शेजारणीचा पाय मुरगळला एवढं सांगायला माझ्या बायकोला अर्धा तास लागतो. सुरुवात होते ती ब्लाउजच्या तुटलेल्या हुकापासून. हुक आणायला ती दुकानात जाते, दुकान बंद असतं, ते बंद का होतं याला दुकानदाराचा मेव्हणा कारणीभूत असतो, आणि मेव्हण्याचा स्वभाव संपेपर्यंत शेजारीण अजून दोन्ही पायांवर धडधाकट उभी असते. मी दर दोन मिनिटांनी 'मग काय झालं ते सांग' म्हणतो, आणि ती 'तेच तर सांगतेय' म्हणते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली निदान चार आम्ही या दोन वाक्यांत घालवली असतील.

आता मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. माझ्या बोलण्यात अचानक काय सोनं सापडलं, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती आधी रागावली, मग खुलली, आणि मग थेट शिकवायलाच लागली.

'आधी माणूस दाखवायचा,' ती म्हणाली. 'मग त्याला घराबाहेर काढायचं. आणि जे व्हायचंय ते होईपर्यंत त्याला चालवत ठेवायचं.'

त्या आठवड्यात वाचनालयाचं घड्याळ सहा वर्षांनी दुरुस्त झालं. माझ्या हिशेबी हा सहा-सात शब्दांचा मजकूर. तिच्या पद्धतीने मी लिहिलं, की ग्रंथपाल मंगळवारी सकाळी आत आले, डबा कपाटात ठेवला, चष्मा पुसला, आणि जागीच थबकले. गेली सहा वर्षं या दालनात जे कोणाच्याही कानी पडलं नव्हतं ते त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. मग त्यांनी हळूच मान वर करून समोरच्या उंच भिंतीकडे पाहिलं आणि... इथे कुलूप. अकरा वर्गणीदार आले. त्यातल्या सहा जणांनी ऑफिसात फोन केले. 'घड्याळ? एवढ्यासाठी?' एक आजोबा म्हणाले. मला लाज वाटली. तक्त्यावरचा अकराचा आकडा बघून ती थोडी कमी झाली.

मुदत संपायला तीन दिवस राहिले तेव्हा माझ्या नावावर अठरा होते. दोनच कमी.

आणि शुक्रवारी दुपारी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरचा फोन आला. पाण्यात जंतुनाशक औषध सोडणारं यंत्र अडकलं होतं आणि मोठ्या टाकीत दसपट औषध पडलं होतं. टाकी रिकामी करायची तर ते पाणी नळांतूनच सोडावं लागणार होतं, आणि ती धुऊन व्हायला रविवार उजाडणार होता. संध्याकाळी सहाला नळाला येणारं पाणी तोंडात घालायचं नाही, लहान मुलांचे तर घसे भाजतील, असं तो घाबऱ्या आवाजात सांगत होता. भोंगा लावून गावभर सांगणारी गाडी होती, पण ती गॅरेजमध्ये पडून होती. आता तुम्हीच काय ते लवकर कळवा, म्हणाला.

सूनबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. बातमी ऐकून त्यांचे डोळे चमकले. खोटं कशाला बोलू, माझेही चमकले. मला दोन हवे होते, या बातमीवर दोनशे आले असते. पहिल्या ओळी त्यांनी स्वतःच सुचवल्या: 'आज संध्याकाळी तुमच्या घरात एक गोष्ट येणार आहे. ती रोजच येते. पण आज...' सुरुवात झकास होती. माझ्या बायकोनेही पाठ थोपटली असती.

मी अडतीस शब्द टाइप केले. मग मला आमच्या गल्लीतली माणसं आठवली. ती कुलपाचं चित्र बघणार, 'बघू नंतर' म्हणणार आणि पेला नळाखाली धरणार. मला भयंकर राग आला. सूनबाईंचा नाही, माझाच, कारण ते अडतीस शब्द लिहिताना मला मजा आली होती. मी सगळं पुसलं आणि लिहिलं: 'आज संध्याकाळपासून रविवारपर्यंत नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नाही, टाकीत औषध जास्त पडले आहे.' चौदा शब्द. सूनबाई 'अहो, थांबा' म्हणेपर्यंत बातमी गेलीसुद्धा.

अर्ध्या तासात ती ओळ घरोघरी पोचली. रविवारी टाकी धुऊन झाली आणि कोणाचाही घसा दुखला नाही. वर्गणीदार एकही वाढला नाही. उलट वाचनालयाच्या घड्याळावाल्या आजोबांनी वर्गणी बंद केली. महत्त्वाचं असेल ते तुम्ही फुकटच देता, असं त्यांनी कळवलं.

सोमवारी सूनबाईंनी बोलावलं. बसा म्हणाल्या. मग माझी एकतीस वर्षं झाली, माझी सचोटी झाली, सासऱ्यांना माझ्याबद्दल वाटणारा आदर झाला, बदलता काळ सुरू झाला. चाळीस शब्द कधीच होऊन गेले होते.

'मॅडम, पहिलं वाक्य सांगा,' मी म्हणालो.

'पुढच्या महिन्यापासून येऊ नका,' त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. शेवटी त्यांना पाणी मीच आणून दिलं.

घरी येताना वाक्य तयार होतं. माझी नोकरी गेली. तीन शब्द. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर उभा राहिलो, आणि ते तीन शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात. मी म्हणालो, आज मागच्या गल्लीने आलो. तिथे शिंप्याच्या दुकानासमोर ही गर्दी. दोन गिऱ्हाइकं एकाच कोटाची एकेक बाही धरून उभी. मग मी पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल सांगितलं, मग दुसऱ्याबद्दल, मग शिंप्याची बायको मध्ये पडून काय म्हणाली ते सांगितलं. वीस मिनिटं तरी मी बोलत होतो. एकदाही ती 'मग काय झालं' म्हणाली नाही. घड्या संपल्यावर ती उठली, चहा करून आणला आणि कप माझ्या हातात नीट बसला आहे ना ते बघितलं.

'नोकरी गेली ना?' ती म्हणाली.

मी मान हलवली. तुला कधी कळलं, असं विचारलं.

'तुम्ही मागच्या गल्लीपासून सुरुवात केलीत तेव्हाच.' ती माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी खेटून. 'आता तो कोट कोणाला मिळाला ते सांगा. सावकाश सांगा.'